पंचाहत्तर दिवसांचा नेम

(डिसेंबर २०२५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला एकच विषय दिला आहे : 'गेल्या पंचवीस वर्षांत शिकलेली एक गोष्ट'. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, सैन्यात गेलेले आहेत, इथेच वाईत राहून हळद पिकवणारे आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून पडद्याकडे बघणं हे माझं काम. त्यात तुम्हाला रस वाटावा असं फारसं काही नाही. म्हणून मी आज शिस्तीबद्दल बोलणार आहे. समोर आपले सर आणि बाई बसलेले असताना शिस्तीवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे, पण हस्ताक्षर आणि उच्चार सोडून बाकी चुका काढू नयेत अशी विनंती.

शाळेत आपण सगळे शिस्तीत होतो. कारण शिस्त आपल्याकडे नव्हतीच, ती टोलाकडे होती. टोल पडला की प्रार्थना, टोल पडला की तास, टोल पडला की मधली सुट्टी. पी.टी.च्या तासाला सर ओळीत उभं करून सूर्यनमस्कार घालायला लावायचे, तेव्हा कुणी 'आज मूड नाही' असं म्हणायची सोय नव्हती. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि १९३८ मध्ये त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं, हे मला फार उशिरा कळलं. शाळेत मात्र सूर्यनमस्कार म्हणजे एवढंच माहीत होतं की मैदानातली माती हाताला लागते आणि मग बाई वही मळली म्हणून रागावतात.

शाळा सुटली आणि टोल वाजवणारं कुणी उरलं नाही. इंजिनिअरिंगला परीक्षेच्या तारखा होत्या, नोकरीत कामाच्या मुदती आल्या, घरात मुलीच्या शाळेची व्हॅन आली. या सगळ्यांचे टोल मी नीट पाळले. पण ज्या गोष्टींना बाहेरून टोल नसतो त्यांचं काय? शरीर टोल देत नाही. ते पुष्कळ वर्षं गप्प बसतं आणि मग एकदम रिपोर्ट देतं.

माझा रिपोर्ट जून २०२४ मध्ये आला. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ६.१ निघालं. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती याचा हा अंदाज असतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ म्हणजे घरात. मी काही जगावेगळी नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत. म्हणजे या सभागृहातही आम्ही बरेच जण असणार.

पण माझ्यासाठी तो आकडा नुसता आकडा नव्हता. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या वडिलांना, अण्णांना, ओळखत होते. त्यांना वीस वर्षं मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी न्यायचं, चार तास सुईला बांधून घ्यायचं, संध्याकाळी गळून गेलेल्या माणसाला घरी आणायचं. त्या खुर्चीत बसलेले अण्णा मी पाहिले आहेत. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने मला तसं बघू नये, एवढंच मला वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांना पाठ असतं : चाला, वजन उतरवा, साखर कमी करा, झोपा. माहितीची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती सलग काही करण्याची. त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका तरुण सहकाऱ्याने मला '७५ हार्ड' नावाचा प्रकार सांगितला.

अँडी फ्रिसेला या अमेरिकन उद्योजकाने २०१९ मध्ये हे आव्हान लोकांसमोर मांडलं. ते म्हणतात की हा व्यायामाचा कार्यक्रम नाही, मनाच्या कणखरपणाचा आहे. नियम पाच. एक : कोणताही एक आहार ठरवा आणि तो पाळा, त्यात एकाही घासाची सूट नाही, आणि दारू नाही. दोन : रोज ४५-४५ मिनिटांचे दोन व्यायाम, त्यातला एक उघड्यावर, मग ऊन असो की पाऊस. तीन : रोज एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर पाणी. चार : कथा-कादंबरी सोडून, काही शिकवणाऱ्या पुस्तकाची रोज १० पानं. पाच : रोज स्वतःचा एक फोटो. हे ७५ दिवस. आणि या सगळ्यांवरचा नियम असा की एका दिवशी एक जरी गोष्ट राहिली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. चौऱ्याहत्तराव्या दिवशी पाणी प्यायचं राहिलं, तरी पुन्हा एकपासून.

ऐकल्यावर मला पहिल्यांदा आजी आठवली. चातुर्मासाचे नेम! कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी रोज पोथीचा अध्याय वाचायचं, कुणी पिंपळाला प्रदक्षिणा घालायचं. आषाढी ते कार्तिकी, चार महिने. मुदत ठरलेली, नियम ठरलेले, शेवटी उद्यापन. अमेरिकेतून आलेली ही कल्पना आपल्या आज्यांना अजिबात नवी वाटली नसती. फरक एकच होता, आणि तो मोठा होता. त्याकडे मी नंतर येते.

मी डॉक्टरांकडे नियमांचा कागद घेऊन गेले. त्यांनी दोन गोष्टींवर पेन फिरवलं. पाण्याचा आकडा त्यांनी खोडला. तहान आणि हवामान बघून अडीच लिटरच्या आसपास पुरे, म्हणाले. कमी वेळात फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने तर असलं काही स्वतःच्या मनाने करूच नये. दुसरी गोष्ट व्यायामाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. '७५ हार्ड'ची बेरीज होते ६३० मिनिटं, आणि विश्रांतीचा एकही दिवस नाही. म्हणून ठरलं असं की सकाळी ४५ मिनिटं चालणं, आणि संध्याकाळच्या ४५ मिनिटांत तीन दिवस वजनं उचलायची, बाकीचे दिवस हलकी आसनं. चाळिशीनंतर बायकांची हाडं आणि स्नायू दोन्ही उतरणीला लागतात, त्यामुळे वजनं टाळायची नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

फोटोचा नियम मी स्वतः काढला. घरात तेरा वर्षांची मुलगी आहे. आई रोज सकाळी आरशासमोर उभी राहून पोटाचा फोटो काढते, हे तिने ७५ दिवस बघावं आणि त्यातून स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी शिकावं, हे मला नको होतं. फोटोऐवजी रात्री वहीत एक ओळ लिहायची ठरवली.

१ जुलै २०२४ ला सुरुवात केली. भर पावसात. कोथरूडहून वेताळ टेकडी जवळ आहे. पहाटे सव्वापाचला उठायचं आणि रेनकोट घालून निघायचं. आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, हिची इच्छाशक्ती दांडगी. तर ते तसं नाही, आणि आजच्या बोलण्यातली हीच मुख्य गोष्ट आहे. पहाटे सव्वापाचला कुणाकडेही इच्छाशक्ती नसते. त्या वेळी माणूस स्वतःशी वकिली करतो, आणि आपण सगळे स्वतःचे फार चांगले वकील आहोत. म्हणून त्या वेळी ठरवायचं काही शिल्लकच ठेवायचं नाही. जे ठरवायचं ते आदल्या रात्री, शांत डोक्याने ठरवून टाकायचं.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर एक लेख लिहिला. 'मी व्यायाम करेन' असा संकल्प करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधी ठरवून ठेवलं तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे लगेच पटतं. 'जर-तर' लिहिणं हेच आमचं काम. कॉम्प्युटरला 'जमेल तसं बघ' असं सांगता येत नाही.

मग मी माझे जर-तर लिहून काढले. गजर झाला तर तो बंद करायला हॉलमध्ये जावं लागेल, कारण फोन तिथेच चार्जिंगला. हॉलमध्ये गेलं तर शेजारी बूट, मोजे, रेनकोट. ऑफिसमध्ये वाढदिवसाचा केक आला तर एकच वाक्य : "आज नको, तुम्ही घ्या." कारण सांगायचं नाही; कारण सांगितलं की चर्चा सुरू होते. रात्री साडेआठला अमेरिकेतल्या टीमबरोबर मीटिंग असेल तर वजनं सात वाजता, मीटिंगनंतर नाही. जेवण झालं तर भांडी आवरायच्या आधी दहा पानं. अशा पंधरा-वीस ओळी झाल्या. फ्रिजवर लावल्या.

आणि एक ओळ माझ्या नवऱ्याच्या नावाची होती : मुलीचा डबा ७५ दिवस तो करेल. हे मी मुद्दाम सांगते आहे. दिवसातून ९० मिनिटं मोकळी निघाली ती माझ्या मनाच्या कणखरपणामुळे नाही. त्याने डबा केला, स्वयंपाकाच्या मावशींनी अर्धा तास आधी यायचं कबूल केलं, सासऱ्यांनी सकाळचा चहा स्वतःचा स्वतः करून घेतला, म्हणून निघाली. एखाद्या मैत्रिणीला रोजची वीस मिनिटं काढता येत नसतील तर तिला शिस्त नाही असं म्हणण्याआधी तिच्या घरात कोण कोण काय काय करतं ते विचारावं. आणि आपल्यातले जे मित्र दिवसभर शेतात राबतात किंवा दुकानात बारा तास उभे असतात, त्यांच्यासाठी दोन व्यायामांचा नियम नाहीच. हे आम्हा खुर्चीत बसणाऱ्यांचं औषध आहे. त्यांचा नेम कदाचित रात्री वेळेवर झोपण्याचा असेल.

पहिले दहा दिवस उत्साहात गेले. खरी परीक्षा सतराव्या दिवशी. त्या दिवशी आषाढी एकादशी, सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास, आणि मला काहीही झालेलं नव्हतं. नुसता कंटाळा. अशा वेळी तो 'पुन्हा एकपासून'चा नियम उपयोगी पडतो, हे मी मान्य करते. सोळा दिवस वाया जातील या भीतीने मी बूट घातले. बावन्नाव्या दिवशीही तसंच झालं. कडक नियमाचा फायदा हा की तो स्वतःशी घासाघीस करू देत नाही. म्हणून '७५ हार्ड'ची नुसती चेष्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. बऱ्याच जणांना आयुष्यात पहिल्यांदा 'मी ठरवलं आणि केलं' हा अनुभव त्यातून मिळतो, आणि तो अनुभव साधा नाही.

पण मग एकेचाळीसावा दिवस आला. १० ऑगस्ट, शनिवार. सकाळचं चालून झालं होतं. संध्याकाळी सासरे बाथरूममध्ये पाय घसरून पडले. वय ७८. खुब्याचं हाड मोडलं. पुढचे तास कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. अँब्युलन्स, एक्स-रे, इन्शुरन्सचा फॉर्म, ऑपरेशनची संमती. रात्री नवरा औषधं आणायला, पैसे भरायला पळत होता आणि मी त्यांच्या उशाशी होते. त्यांना वेदनेत कुणाचा तरी हात हवा होता. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की दुसरा व्यायाम झालेला नाही, दहा पानं वाचलेली नाहीत, आणि अजून एक तास शिल्लक आहे. खाली पार्किंगमध्ये ४५ मिनिटं चालून येता आलं असतं.

मी गेले नाही. हात सोडला नाही. ते पहाटे तीनला झोपले.

आता नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी 'पहिला दिवस' लिहायला हवा होता. मी 'बेचाळीस' लिहिलं. कारण १ जुलैलाच वहीच्या पहिल्या पानावर मी दोन अपवाद लिहून ठेवले होते : स्वतःला ताप, आणि घरात दवाखाना. या दोन्ही दिवशी जमेल तेवढं करायचं, बाकीचं सोडायचं, आकडा पुढे न्यायचा. घरात ७८ वर्षांचं माणूस असताना हे लिहिणं मला गरजेचं वाटलं होतं.

मुलीने चार दिवसांनी वही पाहिली. म्हणाली, "आई, खऱ्या चॅलेंजमध्ये हे चालत नाही. हे चीटिंग झालं."

तेरा वर्षांच्या मुलांना नियम फार आवडतात, विशेषतः दुसऱ्यांसाठीचे. पण तिचा प्रश्न खरा होता. मी तिला विचारलं, "त्या रात्री मी आजोबांना सोडून चालायला गेले असते, तर तुला काय वाटलं असतं?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "पण मग उद्या तू काहीही कारण काढशील." हेही खरं होतं. यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही. दोन-तीन सकाळी टेकडीवर मी त्याचाच विचार करत होते.

इथे आजीच्या नेमातला तो फरक येतो. एका चातुर्मासात आजीने पिंपळाला रोज अकरा प्रदक्षिणा घालायचा नेम केला होता. भाद्रपदात तिला चांगलाच ताप भरला. चार दिवस काकूने तिच्या वतीने प्रदक्षिणा घातल्या. पाचव्या दिवशी आजी उठली, काठी घेतली आणि पुन्हा सुरू झाली. चातुर्मास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, असं तिच्या मनातही आलं नाही. येणार कसं? कार्तिकी एकादशी कुणासाठी थांबत नाही. आजारपण, सुतक, बाळंतपण यांसाठी काय करायचं ते आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. सूट होती, पण ती नेम घेतानाच ठरलेली होती. कंटाळा आला म्हणून सूट, असं मात्र त्या यादीत कुठेच नव्हतं.

मुलीला मी हेच उत्तर दिलं. अपवाद आधी लिहिलेला असेल तर तो नियमाचा भाग आहे. त्याच वेळी सुचलेला असेल तर ती पळवाट. हाच फरक, आणि तो वही दाखवून सिद्ध करता येतो. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. पण तिने वहीचं पहिलं पान उघडून तारीख तपासली, हे मी पाहिलं.

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की संशोधनही आजीच्याच बाजूने आहे. सवय २१ दिवसांत लागते असं आपण सगळीकडे ऐकतो. ही समजूत बहुतांशी मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकापर्यंत जाते. आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' पुढे गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोज एक छोटी गोष्ट १२ आठवडे करायला दिली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब निघाला. आणि त्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

आमच्या धंद्यातही तेच आहे. पूर्वी मोठी फाइल डाउनलोड करताना मध्येच वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. आठवतं ना सायबर कॅफेतलं? आता जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. कुणीही शहाणा इंजिनिअर 'तुटलं की शून्यापासून' अशी रचना करत नाही. तुटणार हे गृहीत धरतो आणि परत कसं जोडायचं ते आधी लिहून ठेवतो. यंत्राला आपण एवढी समज दाखवतो, तर माणसाला का नको?

एकोणसत्तराव्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मोदकांचं काय केलं, हे मला पुण्यात सगळ्यांनी विचारलं. दोन खाल्ले, तूप घालून. मूळ नियमात आहार आपणच ठरवायचा असतो, आणि मी पहिल्याच दिवशी माझ्या आहारात लिहिलं होतं : चतुर्थीला २ मोदक. तिसरा लिहिला नव्हता, म्हणून तिसरा नाही. तिसऱ्याला 'नको' म्हणताना त्रास झाला, पण वाद झाला नाही.

१३ सप्टेंबरला ७५ दिवस झाले. ऑक्टोबरमध्ये एचबीए१सी ५.८ आलं, गेल्या महिन्यात ५.६ होतं. वजन पाच किलो उतरलं, त्यातलं दीड परत आलं. प्रत्येकाला असेच आकडे मिळतील असं नाही. शरीरं वेगळी, घरची आनुवंशिकता वेगळी. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शहात्तरावा दिवस. आव्हान संपलं की बरेच जण सगळंच सोडतात. मुदत संपली, टोल पडला, सुट्टी! मी त्या दिवशी वहीत लिहिलं की यापैकी आयुष्यभर काय पेलेल. तीन गोष्टी उरल्या. आठवड्यात पाच दिवस चालणं आणि त्यातले दोन दिवस वजनं. रात्री दहा पानं. आणि फोन हॉलमध्ये. बस. दिवसाला ९० मिनिटांचं ४५ झालं, रविवारी पुरणपोळी परत आली. पण आज पंधरा महिने झाले, या तीन गोष्टी चालू आहेत. अवघड नियम थोडे दिवस पाळता येतो, त्यातून आपल्याला स्वतःची ओळख होते. पण राहायचं असतं ते सोप्या नियमात.

सासरे आता वॉकर सोडून काठीवर आले आहेत. संध्याकाळी मी आसनं करते तेव्हा ते खुर्चीत बसून फिजिओथेरपिस्टने सांगितलेले पायाचे व्यायाम करतात आणि मोठ्याने आकडे मोजतात. त्यांचे आकडे नेहमी माझ्याआधी संपतात. मी काही बोलत नाही.

आता शेवटचं, आणि हे भाषण नाही, प्रस्ताव आहे. २५ जानेवारीला रथसप्तमी आहे आणि १९ मार्चला गुढीपाडवा. दोन्ही धरून ५४ दिवस होतात. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज शंभर 'गुड मॉर्निंग' येतात. ते थोडे कमी करून आपण असं करू : ज्याला इच्छा आहे त्याने आपला एकच नेम ठरवावा. चालणं, तंबाखू सोडणं, दहा पानं वाचणं, आईवडिलांना रोज एक फोन, बारा सूर्यनमस्कार, काहीही. तो आपल्या शरीराला, कामाला आणि घराला झेपणारा असावा. सुरुवातीलाच दोन अपवाद लिहावेत, दोनच. आणि रात्री ग्रुपवर फक्त आकडा टाकावा : १, २, ३. फोटो नको, वजन नको, उपदेश नको. एखाद्या दिवशी कुणाचा आकडा आला नाही, तर त्याला कुणी टोमणा मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचा आकडा टाकायचा. आणि सलग दोन दिवस आला नाही, तर ज्याचं त्याच्याशी शाळेत चांगलं जमायचं त्याने फोन करून विचारायचं, "काय रे, बरा आहेस ना?"

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यासाठी टोल वाजवणारी शाळा होती. आता एकमेकांसाठी तेवढं आपण करू शकतो. सरांना माझी विनंती आहे की २५ जानेवारीला पहिला आकडा त्यांनी टाकावा. मग कुणाची टाळायची हिंमत होणार नाही. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा. जिलेबीच्या आधी आलात तर बरं.